फुलांच्या मागून कात्री, पावसाच्या मागून कुंडी

आश्विन लागून पाऊस ओसरला, कीं आमच्या सांगली-सातारा भागांत कात्र्यांना धार लावण्याचे दिवस येतात. तासगांव, कवठे महांकाळ इकडे द्राक्षबागांची फळछाटणी सुरू होते. शहरांत बंगल्याबंगल्यांच्या अंगणांत गुलाबाच्या काड्यांचे ढीग पडतात. हा हंगामच छाटणीचा, अशी सर्वांची समजूत झालेली असते. आणि माळीबुवा एकदां अंगणांत आले, म्हणजे गुलाबाशेजारच्या प्रत्येक कुंडीवरून कात्री फिरवूनच ते परत जातात. या एका सवयीपायीं ज्या झाडाची दर वर्षीं हानि होते, त्याविषयीं या महिन्यांत चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. तें झाड म्हणजे तबकांत वाढविलेली, बोनसाय केलेली अझेलिया. आश्विनाला अजून तीन महिने अवकाश आहे, म्हणूनच हें आतांच सांगणें बरें.

या लेखाला निमित्त झालें तें सांगलीच्या एका वाचक भगिनींचें पत्र. त्यांच्या यजमानांनीं पंधरा-सोळा वर्षांपूर्वीं बंगळुराहून अझेलियाचें एक लहानसें रोप आणून, मोठ्या निगुतीनें त्याचा वामनवृक्ष केला. दर चैत्रांत गुलाबी फुलांनीं भरलेलें तें तबक चैत्रगौरीपुढें मांडावयाचें, आणि हळदीकुंकवाला आलेल्या सुवासिनींनीं त्याचें कौतुक करावयाचें, असा त्या घरचा परिपाठ होता. तीन वर्षांपूर्वीं यजमान निवर्तले. तेव्हांपासून झाडाची निगा एका माळ्याकडे आहे. पाणी, खत वेळच्या वेळीं होतें. परंतु गेलीं दोन वर्षें झाडाला एकहि फूल नाहीं, आणि यंदाच्या उन्हाळ्यापासून पानेंहि पिवळीं पडूं लागलीं आहेत. ‘झाड म्हातारें झालें, आतां टाकून द्या,’ असें माळी म्हणतो. टाकावें काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

मुळींच टाकूं नये, हें आमचें उत्तर. पंधरा-सोळा वर्षें हें या झाडाचें तारुण्य होय. जपानांत शंभर वर्षांहून जुन्या अझेलिया तबकांत दर वर्षीं फुलत आहेत. पत्रांतच एका ओळींत रोगाचें निदान आलेलें आहे. दसऱ्याच्या सुमारास गुलाबाबरोबर याचीहि छाटणी होते, असें त्या सहज लिहून गेल्या आहेत. झाडाला फुलें धरत नाहींत असें नव्हे. धरलेलीं फुलें उमलण्यापूर्वींच कात्रीखालीं जात आहेत.

छाटणीची क्रिया एकच, परंतु फूल कोठें व केव्हां धरतें, हें प्रत्येक झाडाचें निराळें असतें. गुलाबाचें फूल नव्या फुटव्याच्या शेंड्याला येतें. आश्विनांत काडी तोडावी, नवा फुटवा निघावा, आणि दीड-दोन महिन्यांत त्याच फुटव्यावर फूल उमलावें, असा त्याचा क्रम आहे. द्राक्षाचा प्रकार याहून खोल. एप्रिलांतील खरड छाटणीनंतर जी नवी काडी वाढते, तिच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड सुमारें ४० ते ६० दिवसांतच ठरून जातो. ऑक्टोबरांतील छाटणी घड निर्माण करण्यासाठीं नसते. आधींच निर्माण झालेल्या घडाला जागें करण्यासाठीं असते. म्हणून तर जाणते बागाईतदार छाटणीपूर्वीं काडीचे डोळे सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून घेतात. तथापि द्राक्षाचे घड काडीवरील अनेक डोळ्यांत असतात. शेंडा तोडला तरी खालचे डोळे शिल्लक राहतात.

अझेलियाचें फूल द्राक्षाप्रमाणें फार आधीं ठरतें, आणि गुलाबाप्रमाणें अगदीं शेंड्यावर बसतें. फुलें सुकून गेल्यावर नवे फुटवे निघतात, कांहीं आठवडे वाढतात आणि थांबतात. वाढ थांबली, कीं त्या प्रत्येक फुटव्याच्या टोकाशीं पुढच्या वर्षाची कळी आंतल्या आंत आकार घेऊं लागते. आपल्याकडे हें काम ज्येष्ठ-आषाढांत सुरू होऊन पावसाळ्यांत पुरें होतें. मग ती कळी थंडी सरेपर्यंत निजून राहते. अशा झाडाचे शेंडे आश्विनांत कापले, तर वर्षाचें सारें फूल एका दिवसांत केरांत जातें. मागून फुटवे येतात खरे, पण नवी कळी धरण्याइतका काळ त्यांना उरलेला नसतो. झाड हिरवेंगार दिसतें व फूल एकहि नसतें, आणि माणसें झाडाला वांझ ठरवून मोकळीं होतात.

या झाडाच्या नांवांनींहि लोकांना बरेंच चकविलें आहे. ‘ऱ्होडोडेंड्रॉन’ हें त्याच्या कुळाचें नांव, आणि त्याचा ग्रीक अर्थ ‘गुलाबवृक्ष’. परंतु गुलाबाशीं त्याचें कांहीं नातें नाहीं. ‘अझेलिया’ याचा ग्रीक अर्थ ‘शुष्क’. आणि झाड तर असें, कीं एक दिवस माती कोरडी ठणठणीत झाली तर मान टाकतें. लिनिअस या शास्त्रज्ञानें १७५३ सालीं यांतील एका जातीला ‘अझेलिया इंडिका’ असें नांव दिलें. ती जात मूळची जपानची, हिंदुस्थानची नव्हे. आपल्या देशांत या कुळाचे भाऊबंद आहेत, ते हिमालयांत व नीलगिरीसारख्या दक्षिणेकडील उंच डोंगरांवर. आमच्या महाबळेश्वराच्या रानांत ऱ्होडोडेंड्रॉन आपोआप उगवत नाहीं. तेव्हां हा परदेशीं आलेला पाहुणा आहे, हें विसरतां कामा नये.

एक नांव मात्र उपयोगी आहे. जपानी लोक ज्या अझेलिया विशेषेंकरून तबकांत वाढवितात, त्यांना ‘सात्सुकी’ म्हणतात. सात्सुकी म्हणजे त्यांच्या जुन्या चांद्रपंचांगांतील पांचवा महिना. तो आपल्या ज्येष्ठाशीं बहुधा मिळतो. त्या महिन्यांत फुलणारी म्हणून ती सात्सुकी. या झाडांचा छंद तिकडे जुना आहे; एडो, म्हणजे आतांचें टोकियो, येथील इतो इहेइ या माळ्यानें १६९२ सालीं केवळ त्यांच्या जातींवर ग्रंथ प्रसिद्ध केला होता. तिकडचा नियम असा, कीं फुलें संपतांच छाटणी करावी व त्याच सुमारास कुंडीहि पालटावी. हा नियम पुस्तकांतून आपल्याकडे आला, आणि आपण तो जसाच्या तसा पाळूं लागलों. परंतु नियमामागें तिकडचें आभाळ आहे. जूनमध्यें सात्सुकीचीं फुलें गळतात, त्याच वेळीं तिकडे ‘त्सुयु’ हा रिमझिम पावसाळा लागतो. हवा ओलसर, ऊन सौम्य. अशा वेळीं तोडलेलीं मुळें चटकन् सांवरतात.

आपल्याकडे बाजारांत मिळणाऱ्या अझेलिया बहुधा माघापासून चैत्रापर्यंत फुलतात. फुलें संपलीं, कीं पुढें काय? सांगलीचा वैशाख! पारा ४० अंशांच्या आसपास, वारा कोरडा. त्या दिवसांत मुळें तोडावयाचीं, म्हणजे पानें पाणी मागत असतां तें पुरविणारे हात तोडण्यासारखें आहे. म्हणून तिकडे जीं दोन कामें एका वेळीं होतात, तीं आपण वेगळीं केलीं पाहिजेत. कात्री फुलांच्या मागून, आणि कुंडी पावसाच्या मागून. चैत्रांत छाटणी, आणि मृगाचा पाऊस स्थिरावून हवा निवल्यावर, ज्येष्ठ-आषाढांत, कुंडीचा पालट. मुळांना हात लावल्यानें शेंड्याची कळी तुटत नाहीं. त्यामुळें त्या वेळीं कुंडी पालटण्यास प्रत्यवाय नाहीं.

हा विचार आपल्याकडे अगदींच नवा आहे असें नाहीं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. झाड एका जागेवरून दुसरीकडे केव्हां न्यावें, याचा त्यांत विचार आहे. ज्याला फांद्या फुटल्या नाहींत तें शिशिरांत, फांद्या फुटलेलें हेमंतांत, आणि चांगला बुंधा धरलेलें पावसाळ्याच्या आरंभीं, असा भेद त्यानें केला आहे. अझेलिया त्याला ठाऊक नव्हती, हें उघड आहे. परंतु झाडाची अवस्था व ऋतु या दोहोंचा मेळ घालावयाचा, तारखेला चिकटावयाचें नाहीं, हें तत्त्व त्यानें नेमकें धरलेलें आहे.

आतां छाटणीची रीत. फुलें सुकूं लागलीं, कीं प्रथम तीं देठासकट, मागील बीजकोशासह खुडावीं. नाहींतर झाडाची शक्ति बीं धरण्यांत खर्च होते. नंतर प्रत्येक फांदीचें टोक पहावें. तेथें चार-पांच फुटवे छत्रीच्या काड्यांसारखे एकत्र निघालेले असतात. त्यांतील दोनच, उजवीकडे एक व डावीकडे एक, ठेवून बाकीचे मुळाशीं काढावे, म्हणजे फांदीला सुरेख दुबेळकें येतें. हें सर्व फुलें संपल्यापासून तीन-चार आठवड्यांत उरकावें. ज्येष्ठ संपला, कीं कात्री तेल लावून ठेवून द्यावी. पुढें एखादा भरमसाट वाढलेला फुटवा काढणें निराळें. सरसकट छाटणी नाहीं.

एका गोष्टींत हें झाड इतरांच्या अगदीं उलट आहे. वड, पिंपळ, चिंच यांचा जोर शेंड्याकडे असतो. म्हणून वर अधिक छाटावें व खालीं हात राखावा, असा बोनसायाचा सामान्य नियम. अझेलियाचा जोर बुंध्याकडे असतो. तिच्या खालच्या फांद्या माजतात व शेंडा दुबळा राहतो. म्हणून येथें खालीं कात्री कडक आणि वर हलकी चालवावी, व बुडाशीं निघणारे धुमारे दिसतांच काढून टाकावे. वडाच्या बोनसायावर हात बसलेल्या पुष्कळ माणसांच्या अझेलिया शेंड्याकडून वाळत जातात, त्याचें कारण हेंच.

कुंडी लहान झाडाची दोन वर्षांनीं, वाढलेल्या झाडाची तीन-चार वर्षांनीं पालटावी. दर वर्षीं पालटणें हा अत्याचार होय. घातलेलें पाणी मातीवर तुंबून राहूं लागलें, किंवा तळाच्या भोंकांतून मुळांचें जाळें डोकावूं लागलें, कीं वेळ आली असें समजावें. अझेलियाचीं मुळें केसासारखीं बारीक असतात व त्यांची गादी बनते. लोखंडी आंकड्यानें ती ओरबाडूं नये. बांबूच्या बोथट काडीनें व पाण्याच्या मंद धारेनें जुनी माती बाजूंनीं व तळाकडून सोडवावी, आणि सुमारें तिसरा हिस्सा मुळें धारदार कात्रीनें कापावीं. बुंध्यालगतचा गड्डा तसाच ठेवावा. भोंकांवर जाळी, तळाशीं जाडसर खडे, आणि झाड हलूं नये म्हणून तारेनें कुंडीस बांधलेलें, इतकी व्यवस्था हवी. नंतर माती भरून, घमेल्यांत पाणी घेऊन त्यांत कुंडी दहा-पंधरा मिनिटें बसवावी. पुढें तीन-चार आठवडे दाट सांवलींत, मुसळधार सरींपासून दूर ठेवावें व महिनाभर खत घालूं नये.

माती कोणती? जपानी माळी तोचिगी प्रांतांतील कानुमा गांवाच्या नांवानें ओळखली जाणारी पिवळसर, सच्छिद्र, आंबट गुणाची ज्वालामुखीची माती वापरतात. ती आणवूं म्हटलें तर महाग पडते. आपल्याकडे सातारच्या पश्चिमेस जांभा दगड विपुल आहे. जांभ्याचा चाळून घेतलेला, ज्वारीच्या दाण्याएवढा चुरा, तितकेंच स्वच्छ धुतलेलें कोकोपीट, आणि त्यांच्या निम्मा कुजलेला पालापाचोळा, असें मिश्रण करावें. नुसती तांबडी माती उथळ तबकांत दगडासारखी बसते. सांगलीची काळी माती तर या झाडाला वर्ज्यच, कारण तींत चुना असतो. वाळू घालावयाची असल्यास तिच्यावर लिंबाचा रस पिळून पहावा. बुडबुडे आले, तर त्या वाळूंत चुन्याचे कण आहेत असें समजून ती टाकून द्यावी.

येथेंच त्या भगिनींच्या झाडाच्या पिवळ्या पानांचा उलगडा होतो. पान पिवळें पण शिरा हिरव्या, असें त्यांनीं वर्णन केलें आहे. आणि उन्हाळ्यांत नळाचें पाणी कमी पडल्यामुळें बोअरचें पाणी घातलें, असेंहि लिहिलें आहे. बोअरच्या जड पाण्यांतील चुन्यानें माती अल्कधर्मी होते, आणि अशा मातींत लोह असलें तरी झाडाला तें घेतां येत नाहीं. भरल्या ताटापुढें उपवास, तशांतला हा प्रकार. याला उपाय म्हणजे पावसाचें पाणी. पन्हळीखालीं पिंप ठेवून तें सांठवावें व झाकून ठेवावें. एका तबकाला कितीसें लागतें? तातडीचा उपाय म्हणून शेतीच्या दुकानांत मिळणारें चिलेटेड लोह, पुडक्यावरील प्रमाणाहून किंचित् कमीच, पाण्यांत कालवून द्यावें.

साताऱ्याच्या व सांगलीच्या वाचकांनीं हा सारा हिशेब आपापल्या आभाळाप्रमाणें पुढेंमागें करावा. महाबळेश्वर १३७० मीटरांच्या आसपास उंच, आणि तेथें वर्षाला ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस. सांगली ५५० मीटरांच्या सुमारास, आणि पाऊस ६०० मिलिमीटरांच्या आसपास. सातारा शहर या दोहोंच्या मध्यें. पांचगणी-महाबळेश्वराकडे उन्हाळा सौम्य असल्यामुळें छाटणी व कुंडी दोन्ही चैत्रांत एकदम करण्यास हरकत नाहीं. तेथें भय आहे तें पावसाळ्यांत मुळें कुजण्याचें, म्हणून नव्यानें बसविलेलें झाड पागोळीच्या आंत ठेवावें. सांगली-मिरजेकडे भय उन्हाचें. तेथें पूर्वेकडची पडवी, सकाळचें ऊन व दुपारची सांवली, आणि वैशाखांत दोन वेळां पाणी. आणखी एक गोष्ट सांगलीकरांनीं ध्यानांत ठेवावी. निजलेली कळी जागी होण्यास कांहीं आठवड्यांची थंडी लागते. पौष-माघांतील रात्रीं झाड मायेनें घरांत आणूं नये. उघड्यावर, आभाळाखालीं राहूं द्यावें.

लहान मुलें व गुरें असलेल्या घरांनीं हेंहि जाणावें, कीं अझेलियाचीं पानें व फुलें विषारी आहेत. शेळी-वासरू त्यांस तोंड लावणार नाहीं अशा उंचीवर तबक ठेवावें, आणि छाटलेला पाला चाऱ्यांत मिसळूं देऊं नये.

त्या भगिनींना आमचें सांगणें असें. हा अंक आपल्या हातीं पडेल तेव्हां आषाढ लागलेला असेल. यंदाची छाटणीची वेळ गेली, परंतु कुंडीची वेळ आलेली आहे. झाड अशक्त आहे, म्हणून मुळें फार तोडूं नयेत; चुनखडलेली माती तेवढी बाजूंनीं काढून नवी भरावी, आणि पाणी पालटावें. दसऱ्याला माळीबुवा येतील, तेव्हां तबक माजघरांत नेऊन ठेवावें! कार्तिकापुढें शेंडे निरखावे. बारीक व टोकदार डोळा असेल तो पानाचा. टपोरा व गोलसर असेल ती फुलाची कळी. पहिल्या वर्षीं चार-सहाच कळ्या दिसल्या तरी खट्टू होऊं नये. झाड सांवरलें, एवढा त्यांचा अर्थ आहे. भरगच्च फुलोरा मागाहून येतो.

आणि हें झाड ज्यांच्या घरीं आहे, त्या सर्वांनाच एक विनंति. तबकांतलें झाड माणसावाचून एक आठवडाहि जगत नाहीं, आणि नीट जपलें तर माणसामागें पन्नास वर्षें राहतें. त्याची निगा ज्याच्या हातांत असते, त्याला वेळा पाठ असतात. म्हणून तो कोणास सांगत नाहीं, आणि तो गेला म्हणजे झाडाच्या वाट्याला अंदाज येतो. एक लहानशी वही घालावी. कुंडी कोणत्या सालीं पालटली, मातींत काय होतें, फुलें कोणत्या तिथीस संपलीं, कात्री केव्हां चालविली, इतकेंच तींत लिहावें. ती वही कपाटांत कडीकुलुपांत ठेवूं नये. पंचांगाशेजारीं खुंटीला टांगावी, आणि घरांतील सुनेला, नातवाला, दाराशीं येणाऱ्या माळ्यालाहि ती वाचून दाखवावी.